रिपोर्ट नॉर्मल, पोटात कळ

पोटात दुखतंय म्हटलं की मराठी घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: गॅस झालाय. मग ओवा, हिंग, सोडा, अँटासिड, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टर. डॉक्टरही पुष्कळदा ‘गॅस’च म्हणतात, कारण पेशंटला तो लगेच पटतो. अमेरिकेत मायकेल लेविट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा समज प्रयोगाने तपासला आणि १९७५ साली निष्कर्ष छापले. पोटफुगी आणि पोटदुखीची सतत तक्रार करणाऱ्यांच्या लहान आतड्यात नळीवाटे अरगॉन वायू सोडून त्यांनी आतला सगळा वायू खालून बाहेर काढला आणि मोजला. तक्रार करणाऱ्यांच्या आतड्यात सरासरी १७६ मिलिलिटर वायू भरला, निरोगी माणसांच्या १९९. म्हणजे ज्यांना गॅसचा त्रास होता, त्यांच्या पोटात गॅस जास्त नव्हताच. फरक निघाला तो दुसरीकडे. तेवढाच अरगॉन सोडताना या लोकांना अधिक दुखत होतं, आणि वायू पुढे सरकण्याऐवजी उलटा जठराकडे परतण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

चाळीसेक वर्षांनी नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी हीच गोष्ट एमआरआयने दाखवली. २०१७च्या त्यांच्या अभ्यासात आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असलेल्यांना आणि निरोगी लोकांना फ्रुक्टोज किंवा इन्युलिन विरघळवलेलं पेय दिलं. ही दोन्ही मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. मोठं आतडं दोन्ही गटांत सारखंच फुगलं, वायूही जवळजवळ तेवढाच झाला. त्रास मात्र आयबीएसवाल्यांना कितीतरी जास्त झाला. वायू सगळ्यांनाच होतो. तो जाणवतो मात्र सगळ्यांना सारखा नाही.

या विचाराची सुरुवात सहसा ऑक्सफर्डच्या जेम्स रिची यांच्या १९७३च्या लेखापासून धरतात. त्यांनी मोठ्या आतड्याच्या ओटीपोटातल्या भागात रबरी फुगा सरकवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलिलिटर हवा भरल्यावर तुलनेच्या गटात फक्त ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांत ५५ टक्क्यांना. तोवर या आजाराकडे ‘आतड्याच्या हालचालीचा बिघाड’ म्हणून पाहिलं जाई. आतडं आखडतं, म्हणून दुखतं, आणि मनावर ताण आला की अधिक आखडतं, अशी मांडणी होती. १९४०च्या दशकात थॉमस आल्मी यांनी तर एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या आतड्यात दुर्बीण घातलेली असताना त्याला कर्करोग असल्याची खोटी बातमी ऐकवली आणि आतडं आवळलेलं पाहिलं. आज कुठलीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. रिचींच्या फुग्याने प्रश्न बदलला: आतडं कसं हलतं याच्याइतकंच ते काय आणि किती जाणतं, हेही विचारायला हवं.

आयबीएसचं निदान आजही लक्षणांवरूनच होतं. २०१६च्या ‘रोम ४’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मलाचं स्वरूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी असायला हवा. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. आधीच्या आवृत्तीत ‘अस्वस्थता’ही चालत असे, ती काढून वेदना हीच मुख्य अट केली गेली. निकषांतल्या अशा बदलांमुळे जगभरचे आकडे खाली आले. जुन्या निकषांवर प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोक आयबीएसचे भरत. ‘रोम ४’ लावून ३३ देशांत केलेल्या आणि २०२१ साली छापलेल्या पाहणीत, इंटरनेटवरून प्रश्न विचारले तिथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास निघालं. आजार कमी झाला नाही, चाळणी बारीक झाली. पण वेदनेला मध्यभागी आणल्यावर वेदना कुठून येते हा प्रश्न टाळता येत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

आतड्याला सगळंच दुखत नाही. कोलोनोस्कोपी करताना डॉक्टर आतड्याच्या अस्तराचा तुकडा चिमट्याने तोडून घेतात, रुग्णाला पत्ताही लागत नाही. पण तेच आतडं हवेने ताणलं की माणूस कळवळतो. कापणं, टोचणं, भाजणं हे त्वचेचे धोके. आतड्याचे धोके म्हणजे ताण, तुंबणं, रक्तपुरवठा खुंटणं आणि दाह. त्याचे मज्जातंतू त्याच धोक्यांसाठी घडलेले आहेत. हे तंतू दोन वाटांनी मज्जारज्जूकडे जातात: मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातले पाठीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीवर, गुदाशयातले त्याहून खाली, त्रिकास्थीच्या पातळीवर. व्हेगस नावाची तिसरी मोठी वाट भूक, मळमळ, पोट भरल्याची जाणीव यांचे निरोप नेते. कळ पोचवण्याचं काम मुख्यतः मज्जारज्जूच्या वाटेचं. शरीराच्या सगळ्या संवेदी तंतूंत आतल्या अवयवांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो, आणि हे थोडेसे तंतू मज्जारज्जूत त्वचेच्या आणि स्नायूंच्या तंतूंबरोबर त्याच पेशींवर जाऊन टेकतात. म्हणून पोटातली कळ बोट ठेवून दाखवता येत नाही. ती पाठीत, मांडीत, बेंबीभोवती पसरते. ‘नेमकं कुठे दुखतं?’ या प्रश्नाला रुग्ण पोटावरून अख्खा तळहात फिरवतो, त्यामागे ही रचना आहे.

या तंतूंच्या टोकांशी वेदनाग्राही, म्हणजे धोका ओळखणारे रेणू, असतात. या तंतूंपैकी काही एरवी मुके असतात. उंदराच्या मोठ्या आतड्यातले असे कित्येक तंतू ताणूनही काही बोलत नाहीत. पण दाहाची रसायनं त्यांच्यावर पडली की ते जागे होतात आणि मग साध्या ताणालाही उत्तर देऊ लागतात. ही झाली परिघावरची संवेदनावाढ. सतत निरोप येत राहिले की मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशीही चढ्या होतात. ती मध्यवर्ती संवेदनावाढ. अतिसंवेदनशीलता या एका शब्दाखाली या दोन्ही गोष्टी येतात, आणि कुठल्या रुग्णात कुठली किती, यावर गेली तीस वर्षं वाद आहे.

ग्राहींतला सगळ्यांत प्रसिद्ध आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेला आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्याला जाऊन बसतं तो टीआरपीव्ही१ हा ग्राही डेव्हिड ज्यूलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला. तो ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने आणि आम्लानेही उघडतो. दाब आणि स्पर्श ओळखणारे पिएझो ग्राही आर्डेम पटापुटियन यांनी २०१० साली शोधले, आणि २०२१चं वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. ठेचा खाल्ल्यावर जिभेला जो जाळ लागतो तो आणि दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी होणारी आग, दोन्ही ठिकाणी हाच ग्राही काम करत असतो. लंडनच्या संशोधकांनी आयबीएसच्या रुग्णांच्या गुदाशयाजवळच्या आतड्याचे तुकडे तपासले आणि २००८ साली लिहिलं, की टीआरपीव्ही१ असलेले तंतू तिथे निरोगी लोकांच्या साडेतीन पट आहेत, आणि ज्याच्यात ते जास्त त्याला दुखणंही जास्त. संख्या लहान होती, २३ रुग्ण आणि २२ निरोगी. पण ज्या आतड्याला दुर्बिणीखाली ‘नॉर्मल’ म्हटलं गेलं होतं त्यात बोट ठेवता येईल असा फरक निघाला, म्हणून त्या अभ्यासाचं महत्त्व.

मग या तंतूंना चिथावतं कोण? बोलोन्याच्या जोव्हान्नी बार्बारा यांनी २००४ साली मास्ट पेशींकडे बोट दाखवलं. ऍलर्जीत हिस्टामिन ओकणाऱ्या या पेशी. आयबीएसच्या रुग्णांच्या अस्तरात त्या जास्त होत्या आणि सक्रिय होत्या, पण दुखण्याच्या तीव्रतेशी मेळ बसला तो मज्जातंतूंना अगदी खेटून, पाच मायक्रोमीटरच्या आत बसलेल्या मास्ट पेशींच्या संख्येचा. पुढे या रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांतून झिरपलेला द्रव प्राण्यांच्या वेदनातंतूंवर टाकला तेव्हा ते तंतू पेटले. निरोगी माणसाच्या द्रवाने तसं झालं नाही. हिस्टामिनबरोबरच त्या द्रवात प्रोटीन तोडणारी विकरंही होती, आणि त्यांचा स्वतंत्र ग्राही तंतूंवर असतो. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गी बूकस्टान्स यांच्या गटाने २०१६ साली साखळीची पुढची कडी जोडली: हिस्टामिन एच१ नावाच्या ग्राहीला लागतं आणि त्यातून टीआरपीव्ही१ चढा होतो. मिरचीचा ग्राही आणि ऍलर्जीचं रसायन इथे एका तंतूवर भेटतात.

हे सगळं सुरू कधी होतं, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडच्या लोकांना ऐकायची गरज नाही, पिढ्यान्‌पिढ्या ते सांगत आले आहेत. ‘टायफॉइडनंतर पोट बिघडलं ते बिघडलंच’, ‘एकदा आव झाली तेव्हापासून’. वैद्यकात चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी १९६२ साली ऑक्सफर्डच्या १३० रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात सुमारे चतुर्थांश रुग्णांचा त्रास आमांशाच्या आजारानंतर सुरू झालेला होता. पण निर्विवाद पुरावा दिला तो कॅनडातल्या वॉकरटन या गावाने. मे २०००मध्ये मुसळधार पावसानंतर गुरांच्या शेणखतातले जंतू गावच्या विहिरीत उतरले. ई. कोलायचा घातक प्रकार आणि कँपिलोबॅक्टर, दोन्ही नळाला आले. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावातून दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात दगावले. पुढच्या काही वर्षांत गावाची शिस्तीने तपासणी झाली. ज्यांना जुलाब झालेच नाहीत त्यांच्यात आयबीएस १०.१ टक्के, ज्यांचा आजार वैद्यकीय नोंदींत सापडत होता त्यांच्यात ३६.२ टक्के. आठ वर्षांनी हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. जंतू केव्हाच गेले होते. पुष्कळांना बरं वाटलं, सगळ्यांना नाही.

जंतू गेल्यावरही दुखणं का उरतं, याचं मला सगळ्यांत पटणारं उत्तर ल्युव्हेनच्याच गटाने २०२१ साली दिलं. त्यांनी उंदरांना आतड्याचा संसर्ग दिला आणि त्याच दिवसांत अंड्यातलं एक प्रोटीन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रोटीन पुन्हा दिलं तर उंदरांचं पोट दुखू लागलं. संसर्गाशिवाय ज्यांनी ते खाल्लं होतं त्यांना काही झालं नाही. हल्ल्याच्या धामधुमीत जे अन्न आतड्यात होतं त्यालाही शरीराने शत्रू धरलं होतं. चोर पळून गेल्यावरही दारातलं कुत्रं महिनोन्‌महिने दूधवाल्यावर भुंकत राहावं, तसं. या प्रतिक्रियेची प्रतिपिंडं फक्त आतड्याच्या अस्तरात होती, रक्तात नव्हती. ऍलर्जीच्या नेहमीच्या तपासण्यांत असल्या रुग्णांना काही का निघत नाही, याचा खुलासा त्यातून होतो. मग माणसांत: आयबीएसच्या १२ रुग्णांच्या गुदाशयाजवळच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया आणि दूध यांचे थेंब टोचले. बाराच्या बारा जणांच्यात किमान एका पदार्थाला सूज आली. आठ निरोगी लोकांपैकी दोघांच्यातच आली. बारा आणि आठ, इतक्या माणसांवर धोरण ठरत नाही. पण जेवणानंतर दुखतं, रिपोर्टमध्ये काही नाही आणि सुरुवात एका जुलाबाच्या आजाराने, या तीन सुट्या तक्रारी पहिल्यांदाच एका धाग्यात आल्या.

हिस्टामिन मास्ट पेशींतूनच यावं असंही नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवलं की काही रुग्णांच्या आतड्यातला क्लेब्सिएला एरोजीन्स हा जीवाणू स्वतःच हिस्टामिन बनवतो. त्या रुग्णांचे जीवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले तर उंदरांची आतडी हळवी झाली; आंबणारे पदार्थ आहारातून कमी केले तेव्हा हिस्टामिन आणि दुखणं दोन्ही उतरलं. आहारातल्या पथ्याने वेदना का कमी होते, याचा हा एक नवा रस्ता आहे; निव्वळ वायू कमी झाला म्हणून नव्हे.

सेरोटोनिनची गोष्ट वेगळी आहे, आणि थोडी दुःखाची. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींत असतं. अन्न, रसायनं, ताण यांची चाहूल लागली की त्या पेशी ते सोडतात आणि लगतचे तंतू जागे होतात. याच दुव्यावर घाव घालणारं अलोसेट्रॉन हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०००मध्ये जुलाब होणाऱ्या स्त्रियांसाठी मंजूर झालं. ते चालत होतं. पण काहींना आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून दाह झाला, काहींना घातक बद्धकोष्ठ झाला, आणि नोव्हेंबरमध्ये ते बाजारातून काढावं लागलं. ज्यांना त्याचा गुण आला होता त्यांनी परत आणण्यासाठी आग्रह धरला. जून २००२मध्ये ते कडक अटींसह परतलं. त्याच जातीचं ओंडान्सेट्रॉन, उलटीसाठी आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं ते, इंग्लंडमधल्या चाचणीत जुलाब आवरायला उपयोगी पडलं, दुखण्याला नाही. ग्राही एकच असूनही असं होतं. ग्राही सापडला म्हणजे औषध सापडलं, या उत्साहाला इथे लगाम बसतो.

आणखीही ग्राही आहेत, आणखीही वाहिन्या. पश्चिम आफ्रिकेतल्या एका टॅरँटुला कोळ्याच्या विषातून २०१६ साली कळलं की मेंदूच्या आजारांत गाजलेली एनएव्ही१.१ ही सोडियम वाहिनी ताणाच्या वेदनेतही भाग घेते. आयबीएससारख्या अवस्थेतल्या उंदरांच्या आतड्यातले तंतू त्या विषाला जास्तच संवेदनशील होते. पुदिन्यातलं मेंथॉल थंडाव्याच्या ग्राहीवर बसतं. यादी लांबवता येईल. तिचा सारांश माझ्या मते इतकाच, की आयबीएसचा असा एकच ग्राही नाही.

आता वर चढू, मज्जारज्जू आणि मेंदूकडे. इथला सगळ्यांत सुंदर प्रयोग अगदी साधा आहे. फ्लोरिडातल्या व्हर्न आणि प्राइस यांनी रुग्णांच्या गुदाशयात लिडोकेनची, म्हणजे दंतवैद्य हिरडीला वापरतात त्या बधिरकाची, जेली लावली. गुदाशयातलं दुखणं कमी झालं, हे अपेक्षितच. पण या रुग्णांचे पायही उष्णतेला जास्त हळवे होते, आणि जेलीनंतर पायांचा हळवेपणाही उतरला. म्हणजे मज्जारज्जूतली वाढलेली संवेदना खालून सतत येणाऱ्या निरोपांवर पोसली जात होती. खालची वाट बंद केली की वरचा आवाजही मंदावला. ‘पोटात काही नाही, सगळं डोक्यात आहे’ या वाक्याला यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही.

पण डोक्यात काहीच नाही असंही नव्हे. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २० रुग्णांना वर्षभरात सहा वेळा त्याच फुग्याच्या चाचणीला बोलावलं. दर खेपेला गुदाशयाची अतिसंवेदनशीलता उतरत गेली आणि वर्षअखेर ती निरोगी पातळीवर आली. मेंदूतल्या सावधगिरीच्या भागांची धावपळही कमी झाली. रुग्णांचा रोजचा त्रास मात्र होता तिथेच राहिला. चॅपेल हिलच्या गटाने २००७ साली आणखी अडचणीचा प्रश्न विचारला: रुग्णाला खरंच लवकर जाणवतं, की जाणवलेल्याला तो ‘वेदना’ म्हणायला लवकर तयार होतो? त्यांच्या गणितात दुसरी गोष्ट जड भरली. फुग्याच्या चाचणीत किती रुग्ण अतिसंवेदनशील निघतात, याचे आकडेही २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. फुगा कुठे, किती वेगाने आणि कुठल्या रुग्णांत, यावर ते ठरतं. १९९०च्या दशकात ही चाचणी आयबीएसची खूण ठरेल अशी आशा होती. ती फोल गेली.

माझा कल असा: ‘डोक्यात’वाल्या निष्कर्षावरून रुग्ण खोटं बोलतात असा अर्थ काढणं हा आळशीपणा आहे. ज्याला वर्षानुवर्षं रस्त्यात, बसमध्ये, कचेरीत कधी कळ येईल याचा भरवसा नाही, तो आतड्यातल्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून बसणारच. शेफील्डमध्ये जुलाबाच्या आजाराने इस्पितळात आलेल्यांना त्या वेळीच तपासून ठेवलं होतं. पुढे आयबीएस झाला तो ज्यांच्या आयुष्यात त्या सुमारास संकटं होती आणि प्रकृतीची चिंता जास्त होती त्यांना अधिक. २०२१ साली ५३,४०० रुग्णांच्या जनुकीय तपासणीत सहा ठिकाणं सापडली, त्यांतल्या कित्येकांचा चिंता आणि नैराश्याशीही संबंध आहे. जंतू लागतो आतड्याला, पण त्याची खूण कुठे आणि किती खोल राहील हे माणसावर ठरतं.

भारताचा हिशेब थोडा निराळा आहे. २००८ साली छापलेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लोकांत आयबीएसचं प्रमाण ४.२ टक्के निघालं, आणि दवाखान्यात आलेल्यांपैकी दोन तृतीयांश पुरुष होते. पश्चिमेत हा मुख्यतः बायकांचा आजार मानतात. आपल्याकडे बायकांचं दुखणं कमी आहे की दवाखान्यापर्यंत पोचत नाही? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. दिवसातून दोनदा शौचाला जाणं आपल्याकडे नेहमीचं, त्यामुळे पश्चिमेच्या मोजपट्टीवर ‘बद्धकोष्ठ’ न ठरणारा माणूस इथे ‘पोट साफ होत नाही’ म्हणून हैराण असतो. शिवाय नुसत्या लक्षणांवर विसंबणं इथे अधिक जोखमीचं आहे. आतड्याचा क्षय आपल्या प्रदेशात आजही दिसतो. वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, रक्तक्षय, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांतलं काहीही असेल तर आयबीएस हा शब्द उच्चारण्याआधी तपासण्या व्हायला हव्यात. उलट बाजूला, खरोखर आयबीएस असलेली माणसं ‘जुनी आव’ या नावाखाली वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोलचे कोर्स घेत राहतात, तेही सारखंच चुकीचं.

उपचारांकडे वळल्यावर चित्र माफक आहे, पण रिकामं नाही. वेदनेवर आज सगळ्यांत भक्कम पुरावा एका जुन्या, स्वस्त औषधाचा आहे. इंग्लंडमधल्या ५५ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून ४६३ रुग्ण घेऊन ॲमिट्रिप्टिलीन रोज १० ते ३० मिलिग्रॅम दिलं गेलं. सहा महिन्यांनी ६१ टक्क्यांना आराम वाटत होता, खोट्या गोळीवर ४५ टक्क्यांना. हे निकाल २०२३चे. नैराश्यासाठी लागतो त्याहून हा डोस कितीतरी कमी, म्हणून त्याचा गुण वेदनेच्या वाटांवर होतो असं धरलं जातं. औषधाच्या वेष्टनावर ‘डिप्रेशन’ वाचून रुग्ण गोळी फेकून देतो, तेव्हा आधी दोन मिनिटं समजावून सांगायचं राहिलेलं असतं. संमोहनालाही दाद द्यायला हवी: मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली औषधांना न बधणाऱ्या ३० रुग्णांवर त्याचा उपयोग दाखवला, आणि पुढे काही रुग्णांची गुदाशयाची संवेदनाही त्याने उतरलेली मोजली. आणि ही गोळी खोटी आहे असं उघड सांगून दिलेली गोळीसुद्धा हार्वर्डच्या २०१०च्या ८० जणांच्या चाचणीत ५९ टक्क्यांना पुरेसा आराम देऊन गेली. नुसतं भेटून विचारपूस केलेल्यांत ३५ टक्क्यांना.

पथ्याचं म्हणाल तर मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेलं आंबणारी कर्बोदकं कमी करण्याचं पथ्य जगभर चालतं. मराठी ताटावर ते लावायचं म्हणजे कांदा, लसूण, गहू, उसळी आणि दूध या सगळ्यांवर एकदम हात ठेवायचा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना अर्धी वाट माहीत असते, पण पोळी, वरण आणि दूध तिथेही राहतंच. हे पथ्य काही आठवड्यांचं आहे, नंतर एकेक पदार्थ परत घेऊन पाहायचा असतो. जन्मभर हे सगळं सोडून बसणारे लोक उगाच उपाशी राहतात.

मिरचीबाबत आपल्या आजीचं आणि डॉक्टरांचं दोघांचंही थोडं खरं आहे. बँकॉकमध्ये जुलाबाच्या आयबीएसवाल्यांना मिरचीच्या कॅप्सूल दिल्यावर लगेच पोट दुखलं आणि आग झाली. पण रोज आठवडेच्या आठवडे दिली तर वेदनाग्राही थकून गप्प होतात: इटलीतल्या एका छोट्या चाचणीत सहा आठवडे लाल मिरचीची आतड्यात विरघळणारी गोळी घेणाऱ्यांचं दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरलं. रोज तिखट खाणाऱ्याला जे झेपतं ते पंधरा दिवसांतून एकदा मिसळीवर तुटून पडणाऱ्याला झेपत नाही, याचं कारण बहुधा इथेच आहे. हा उपचार म्हणून घरी करून पाहायचा प्रकार मात्र नाही. पहिले काही दिवस फार वाईट जातात.

शेवटी मास्ट पेशींचं काय झालं? हिस्टामिनचा एच१ ग्राही बंद करणारं इबॅस्टिन हे सर्दी-ऍलर्जीचं साधं औषध ल्युव्हेनच्या पहिल्या लहान चाचणीत आशादायक ठरलं. मग बद्धकोष्ठ नसलेल्या २०२ रुग्णांवर बारा आठवड्यांची मोठी चाचणी झाली. २०२४ साली निकाल आले. आराम आणि वेदना या दोन्ही कसोट्यांवर उतरले १२ टक्के, खोट्या गोळीवर ४ टक्के. तिप्पट म्हणावं तर तिप्पट, आणि तरी शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांना पुरेसा फायदा नाही. मला यात सिद्धांताचा पराभव दिसत नाही. त्या दोनशे जणांना निवडलं होतं लक्षणांवरून. त्यांतल्या किती जणांच्या तंतूंशेजारी मास्ट पेशी पेटलेल्या होत्या, किती जणांचं हिस्टामिन जीवाणूंचं होतं, आणि किती जणांचा त्रास मुळात मज्जारज्जूच्या वरचा होता, याची वाटणी औषध देण्याआधी झालेली नव्हती. ती वाटणी अस्तराच्या तुकड्यावरून किंवा लघवीतल्या हिस्टामिनवरून करता येते का, हे आधी ठरायला हवं. तोवर प्रत्येक नव्या औषधाचा निकाल असाच शंभरातल्या दहा-बारा जणांपुरता येत राहील, आणि ते दहा-बारा कोण हे आधी ओळखता येणार नाही.